बॅरिस्टर आंबेडकर : चवदार तळ्याच्या दाव्यापासून संविधानापर्यंत

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनकार्यावर आपल्या समाजात विपुल लेखन झाले आहे. धर्मांतराची क्रांती, अर्थशास्त्रातील संशोधन, शिक्षणप्रसार, संविधाननिर्मिती या पैलूंवर स्वतंत्र ग्रंथ उपलब्ध आहेत. 'बॅरिस्टर' ही त्यांची पदवीही आपण नित्य आदराने उच्चारतो. परंतु त्यांची वकिली आणि त्यांचे राजकारण यांचा परस्परांशी नेमका कोणता संबंध होता, याचा विचार मात्र त्या मानाने कमी झाला आहे. वकिली हे केवळ उदरनिर्वाहाचे साधन होते आणि खरे कार्य निराळे होते, असे समजले जाते. आमच्या मते ही समजूत अपुरी आहे. न्यायालय काय देऊ शकते आणि काय देऊ शकत नाही, हे त्यांनी न्यायालयातच अनुभवले. आणि त्या अनुभवातून कायदा करणारे बाबासाहेब घडत गेले. हा धागा विद्यार्थ्यांना व पालकांना स्पष्ट व्हावा, या हेतूने आम्ही हा अभ्यासलेख स्मरणिकेसाठी सिद्ध केला आहे.

बॅरिस्टर होण्याचा मार्ग

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांना वडील सुभेदार रामजी सकपाळ यांच्याकडून शिस्त व वाचनाची गोडी लाभली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले आणि १९१२ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथून १९१६ साली लंडनला आल्यावर त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीसाठी प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने दोन्ही अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना मायदेशी परतावे लागले.

करारानुसार ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परदेशी विद्यापीठात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला त्या शहरात राहण्यासाठी खोली मिळेना. एका पारशी उतारगृहात त्यांनी आश्रय घेतला, तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. विद्वत्ता, अधिकारपद आणि महाराजांचा लोभ या तिन्ही गोष्टी जवळ असूनही राहण्याचा साधा हक्क मिळू शकत नाही, हा धडा त्यांना वयाच्या सव्विसाव्या वर्षी मिळाला. कृपेने मिळालेली वस्तू आणि हक्काने मिळालेली वस्तू यांतील अंतर त्यांना पुढे कधीही विसरता आले नाही.

त्यानंतर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकी केली. पगारातून शिल्लक टाकून, छत्रपती शाहू महाराज आणि मित्र नवल भाथेना यांच्या साहाय्याने १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. जून १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. १९२३ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. पदवी दिली आणि त्याच वर्षी ते स्वदेशी परतले. वकिलीची सनद घेण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. तेव्हाही भाथेनाच धावून आले. १९२३ च्या मध्यास त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस आरंभ केला.

स्वतंत्र व्यवसायाची निवड

एवढ्या पदव्या असलेल्या तरुणाला सरकारी नोकरी मिळणे अवघड नव्हते. परंतु सरकारी नोकराला चळवळ करता येत नाही. वकिली हा व्यवसाय बेभरवशाचा असला तरी तो माणसाला स्वतःचा धनी ठेवतो. बाबासाहेबांनी हा व्यवसाय पत्करण्यामागे हा विचार होता, हे त्यांच्या पुढील आयुष्यावरून स्पष्ट दिसते.

आरंभीचे दिवस कष्टाचे होते. मुंबईत मोठे खटले सॉलिसिटरांच्या मार्फत बॅरिस्टरांकडे येत, आणि अस्पृश्य बॅरिस्टराकडे खटला सोपवण्यास बहुतेक सॉलिसिटर तयार नसत. म्हणून बाबासाहेबांना जिल्ह्यांतील लहानसहान खटल्यांवर आणि अपिलांवर निर्वाह करावा लागला. जोडीला १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायद्याचे अध्यापन केले. पुढे मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात ते १९२८ पासून शिकवू लागले आणि १९३५ साली तेथील प्राचार्य झाले. ज्या शहरात त्यांना खटले मिळणे मुश्कील होते, त्याच शहराच्या भावी वकिलांना कायदा शिकवण्याचे काम त्यांच्याकडे आले.

त्यांच्या वकिलीतील दोन प्रकरणे येथे मुद्दाम सांगितली पाहिजेत. 'देशाचे दुश्मन' या पुस्तिकेत लोकमान्य टिळक व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर कठोर टीका होती. त्याबद्दल दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे, बागडे या ब्राह्मणेतर चळवळीतील कार्यकर्त्यांवर अब्रुनुकसानीचा खटला होऊन शिक्षा झाली. १९२६ साली पुण्याच्या सत्र न्यायालयातील अपिलात बाबासाहेबांनी त्यांची बाजू मांडली आणि सर्व आरोपी निर्दोष सुटले. दुसरे प्रकरण १९३४ सालचे. संततिनियमनाचा प्रचार करणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा आरोप होता. बाबासाहेबांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. हा खटला ते हरले आणि कर्वे यांना २०० रुपये दंड झाला. मात्र १९३८ साली बाबासाहेबांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा प्रश्न मुंबईच्या विधिमंडळात मांडला गेला. न्यायालयाने ज्या विषयाचे दार बंद केले, तो विषय त्यांनी कायदेमंडळाच्या दारी नेला. तेथेही तो प्रस्ताव फेटाळला गेला, परंतु त्यांची कार्यपद्धती यातून ध्यानात येते.

महाडचा दहा वर्षांचा दावा

ही कार्यपद्धती समजून घेण्यासाठी सर्वांत मोलाचे उदाहरण महाडचे आहे. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. त्या सत्याग्रहाच्या आधी आणि नंतर जे कायदेशीर प्रकरण घडले, ते मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून ते क्रमाने पाहू.

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इत्यादी ठिकाणी अस्पृश्यांना मज्जाव असू नये, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. तीन वर्षे हा ठराव कागदावरच राहिला. मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी जमलेले हजारो लोक बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्राशन केले. कागदावरचा ठराव त्यांनी आचरणात आणला.

त्यानंतर परिषदेतून परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना प्रतिहल्ल्यापासून रोखले. तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले, तेव्हा काही सवर्ण रहिवाशांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयात बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांच्यावर दावा दाखल केला. तळे खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी तेथे जाऊ नये अशी अनादी कालापासूनची रूढी आहे, असे वादींचे म्हणणे होते. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

२५ डिसेंबरला परिषद भरली. मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाण्यास हजारो लोक सिद्ध होते. त्या क्षणी बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय अनेकांना त्या वेळी कडू वाटला असणार. परंतु आपला झगडा रूढीच्या अभिमान्यांशी आहे. न्यायालयाचा हुकूम मोडून तो सरकारशी झगडा होऊ देणे चळवळीच्या हिताचे नाही, हे त्यांनी ओळखले. दावा पुराव्याने जिंकता येईल, असा त्यांना विश्वास होता.

त्या विश्वासाची कसोटी दीर्घ काळ चालली. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला. जून १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने वादींचा दावा फेटाळला. त्यावरील अपील ठाणे येथे जानेवारी १९३३ मध्ये फेटाळले गेले. वादी उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी अंतिम निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. ओंजळभर पाण्यासाठी न्यायालयाची लढाई जवळजवळ दहा वर्षे चालली. या दहा वर्षांत गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, धर्मांतराची येवला येथील घोषणा झाली, स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. एवढ्या व्यापातही हा दावा सोडून दिला गेला नाही.

निकाल काय म्हणाला, काय म्हणाला नाही

येथे आम्ही वाचकांना थोडे थांबण्याची विनंती करतो. कारण या पाठाचा गाभा येथे आहे.

उच्च न्यायालयाने दावा कोणत्या कारणावरून फेटाळला? रूढी कायद्याने मान्य व्हावी यासाठी ती अतिप्राचीन असल्याचे सिद्ध करावे लागते. वादींना ते सिद्ध करता आले नाही. तळे नगरपालिकेच्या ताब्यात होते आणि मज्जाव अनादी कालापासून चालत आल्याचा पुरावा अपुरा होता. म्हणून वादी हरले. तशी रूढी सिद्ध झाली असती तर ती अन्यायकारक अथवा लोकहितविरोधी म्हणून नाकारावी काय, या प्रश्नात शिरण्याची न्यायालयाला गरजच उरली नाही.

म्हणजे विजय पुराव्याच्या मुद्द्यावर मिळाला. अस्पृश्यता हीच बेकायदेशीर आहे, असे निकालात म्हटलेले नव्हते. आणि त्या वेळच्या कायद्यात तसे म्हणण्यास आधारही नव्हता. उद्या दुसऱ्या गावच्या तळ्यावर दुसरे वादी अधिक जुने कागद घेऊन उभे राहिले असते, तर नव्याने दहा वर्षे लढावे लागले असते. प्रत्येक विहिरीसाठी, प्रत्येक रस्त्यासाठी, प्रत्येक शाळेसाठी एकेक दावा लावणे हे कोणत्याही दलित समाजाला परवडणारे नव्हते. वकील कितीही बुद्धिमान असला, तरी तो असलेल्या कायद्याच्या चौकटीतच युक्तिवाद करू शकतो. चौकटच सदोष असेल, तर ती बदलण्याच्या जागी त्याला जावे लागते. आमच्या मते बाबासाहेबांच्या राजकारणाची गरज येथे स्पष्ट होते.

कायदा घडवण्याच्या सभागृहात

त्या जागी ते महाडच्या सत्याग्रहापूर्वीच पोहोचले होते. १९२७ च्या आरंभी त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलचे नियुक्त सभासद म्हणून काम सुरू केले. १९२८ साली त्यांनी महार वतनाच्या गुलामगिरीतून समाजाला सोडवणारे विधेयक मांडले. पहिल्या गोलमेज परिषदेत त्यांनी रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह दलितांच्या संरक्षणाची योजना सादर केली. समान नागरिकत्व, समान हक्कांचा निर्वेध उपभोग आणि सामाजिक बहिष्काराला शिक्षा या तिच्यातील प्रमुख मागण्या होत्या. बहिष्काराविरुद्धच्या तरतुदींसाठी त्यांनी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला होता. केवळ तक्रार न करता तिच्यावरील उपायाचा कायदेशीर मसुदा आणि त्याचा पूर्वदाखला सोबत ठेवायचा, ही बॅरिस्टरी शिस्त त्या निवेदनात स्पष्ट दिसते.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली आणि १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. त्याच वर्षी कोकणातील खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. महाडचे प्रकरण, खोतीचा प्रश्न आणि गिरणी कामगारांचे हाल हे त्यांच्या दृष्टीने निरनिराळे विषय नव्हते. माणसाला दुसऱ्याच्या मेहरबानीवर जगावे लागू नये, असे नियम त्यांना सर्वत्र हवे होते.

तळे संविधानात पोहोचते

१९४६ साली ते बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले. फाळणीनंतर ती जागा गेली, तेव्हा बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या राजीनाम्याने रिक्त झालेल्या जागेवर ते मुंबईतून निवडून आले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ते स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री झाले आणि २९ ऑगस्ट रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. समिती सात जणांची होती. परंतु आजारपण, मृत्यू, राजीनामा व इतर कामे यांमुळे बहुतेक भार अध्यक्षांवरच पडला, हे समितीतील सहकारी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी संविधान सभेत मोकळेपणाने सांगितले.

आता संविधानातील चार अनुच्छेद महाडच्या निकालाशेजारी ठेवून वाचावेत, असे आम्ही सुचवतो.

अनुच्छेद १५ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई करतो. त्याच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. सार्वजनिक पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी असलेल्या अशा जागी कोणालाही रोखता येणार नाही. १९२३ च्या ठरावात जी केवळ शिफारस होती, ती येथे मूलभूत हक्क बनली.

अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो आणि तिचे आचरण गुन्हा ठरवतो. १९३७ च्या निकालात जे म्हणता आले नव्हते, ते येथे एका वाक्यात म्हटले गेले.

अनुच्छेद १३ मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा शून्य ठरवतो. आणि 'कायदा' या शब्दात कायद्याचे बळ असलेली रूढी व वहिवाट यांचाही समावेश करतो. रूढी किती प्राचीन आहे हा प्रश्न येथे संपतो. ती समतेशी विसंगत असेल, तर तिचे वय तिला वाचवू शकत नाही.

अनुच्छेद ३२ हक्कभंग झाल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क देतो. सर्वांत महत्त्वाचा अनुच्छेद कोणता असे विचारले तर आपण याचेच नाव घेऊ, त्याच्याविना संविधान निरर्थक ठरेल, अशा आशयाचे उद्गार बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत काढले. दाद मागण्याची वाट नसलेला हक्क पोकळ असतो, हे दहा वर्षे दावा लढलेल्या माणसाइतके कोणाला कळणार?

संविधान हे संपूर्ण सभेचे कार्य होते आणि त्यामागे अनेकांचे श्रम होते, हे बाबासाहेबांनी स्वतः नमूद केले आहे. तरीही या चार अनुच्छेदांना एकत्र वाचताना महाडच्या तळ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे.

कायद्याची सीमा

बाबासाहेबांना कायद्याच्या सामर्थ्याइतकीच त्याची सीमाही ठाऊक होती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी इशारा दिला की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल. हिंदू कोड बिलाने स्त्रियांना वारसा, विवाह व घटस्फोट यांबाबत हक्क देण्याचा त्यांचा प्रयत्न संसदेत रखडला, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ ची लोकसभेची निवडणूक ते मुंबईतून हरले. १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले. राज्यसभेचे सदस्य म्हणून त्यांचे कार्य चालू राहिले. त्या बिलातील बराचसा आशय १९५५ व १९५६ साली निरनिराळ्या कायद्यांच्या रूपाने संमत झाला.

कायदा हात धरून थांबवू शकतो. मन बदलण्याचे काम त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. बंधुभाव कलमाने निर्माण होत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्माचा स्वीकार केला, त्याकडे या दृष्टीनेही पाहता येते. संविधानाने बाहेरचे बंधन तोडले. आतले बंधन तोडण्यासाठी त्यांनी तथागतांचा मार्ग दाखवला.

आपल्यासाठी बोध

वसतिगृह आणि कायदा यांचे नाते बाबासाहेबांच्या कार्यात आरंभापासून आहे. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले. म्हणजे वकिलीचा जम बसण्यापूर्वीच मुलांच्या निवासाची व अभ्यासाची सोय त्यांनी हाती घेतली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या महाविद्यालयांत १९५६ साली सिद्धार्थ विधी महाविद्यालयाची भर पडली. दावा जिंकणाऱ्या पिढीबरोबरच दावा समजणारी पिढी तयार व्हावी, ही त्यामागची दृष्टी होती. आपल्यासारख्या निवासी शाळा याच परंपरेतील आहेत.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे की घरातील सातबारा, जन्मदाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पावत्या व अर्जांच्या पोच जपून ठेवाव्यात आणि मुलांनाही त्या वाचायला शिकवाव्यात. महाडचे वादी पुराव्याअभावी हरले. पुराव्याअभावी आपलीही न्याय्य बाजू हरू शकते. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आज आपल्या पाठीशी आहेत. परंतु तक्रार वेळेवर नोंदवणे, साक्षीदारांना धीर देणे आणि तारखांना कंटाळून प्रकरण अर्ध्यावर न सोडणे हे काम कोणताही कायदा आपल्यासाठी करणार नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे वकील, शिक्षक, अधिकारी अथवा लोकप्रतिनिधी झाले आहेत, त्यांच्याकडून आमची अपेक्षा याहून थोडी अधिक आहे. वर्षातून एखादा दिवस त्यांनी शाळेत येऊन वरच्या वर्गांतील मुलामुलींसमवेत हे चार अनुच्छेद वाचावेत. आपल्या गावातील कोणता पाणवठा, कोणता रस्ता, कोणती स्मशानभूमी अजून सर्वांना खुली नाही. तेथे निवेदनाने काम होईल, न्यायालयात जावे लागेल, की नियमच बदलून घ्यावा लागेल, याची चर्चा घडवून आणावी. या तीन वाटांतील योग्य वाट निवडता येणे हीच बॅरिस्टर आंबेडकरांची खरी शिकवण होय. ती या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या अंगी यावी, अशी मंगल कामना व्यक्त करून आम्ही हा पाठ येथे पूर्ण करतो.

जय भीम! नमो बुद्धाय!